अंबूकाकूचं ओलं बियाणं

आमच्या धाड गावात कोणाचं बियाणं बिघडलं, की लोक आधी अंबूकाकूच्या दारात यायचे आणि मग देवाकडे जायचे. काकू म्हणजे माझी चुलती. ज्वारी असो की तूर, कडक उन्हात वाळवायची, राख चोळायची, कोठीत भरायची आणि मूठभर बी बाजूला काढून उगवण पाहायची, हा तिचा नेम. कोणाच्या बियाण्याला ओल लागलेली दिसली, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

तिचा अर्जुन शिकला आणि रत्नागिरीकडे माशांच्या संशोधनात सरकारी नोकरीला लागला. महाराष्ट्र नुकताच झाला होता. तिथल्या एका खाडीकाठची, खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळाची झाडं लोकांनी सरपणासाठी तोडली होती. झाडं गेली, मागोमाग काठचा गाळ वाहून गेला आणि मासेही गेले. अर्जुन तिथे पुन्हा कांदळ लावत होता. त्याच्या मुळांत माशांची, कोळंबीची पिल्लं परत येतात का, ते बघत होता. आमचं गाव त्याला 'समुद्रातला शेतकरी' म्हणून चिडवायचं. हसणाऱ्यांचं काय जातं? पण साहेबाने बजावलं होतं, या पावसाळ्यात रोपं उभी राहिली नाहीत तर काम बंद.

नेमकी तेव्हाच काकू तापाने फणफणली आणि मी तार केली. अर्जुन आला तो ओलं पोतं घेऊन. आत कांदळाच्या लांब हिरव्या शेंगा होत्या. झाडावरच कोंब धरून खाली पडणारं ते बी, ओलं राहिलं तरच जगतं. तिकडे पाणी मारायला कोणी नव्हतं, म्हणून तो ते सोबतच घेऊन आला. काकू उठून बसली आणि तिचा ताप अर्जुनला लागला. आठवडाभर त्याला शुद्ध नव्हती. बाहेर पावसाने उघडीप दिली होती, ऊन चांगलं कडक पडलं होतं.

तो काठी टेकत अंगणात आला, तेव्हा काकूने कौतुकाने गाठोडं पुढे केलं.

"असं ओल्यात बियाणं ठेवते का बे कोणी? मोड आले होते साऱ्याइले! मी वाळवलं, राख लावली. आता ने."

अर्जुनने गाठोडं सोडलं. शेंगा सुरकुतून काळ्या पडल्या होत्या. त्याने गाठोडं पुन्हा बांधलं. मग म्हणाला, "बरं केलं, माय." आणि ते मेलेलं बियाणं उराशी धरून एसटीत बसला. मला रडू आवरेना.

तिकडे जाऊन त्याने शेजारच्या खाडीतल्या झाडांखालच्या उरल्यासुरल्या शेंगा चिखलातून वेचल्या आणि लावल्या. थोडी रोपं तगली. साहेबाने तोंड वाकडं करून का होईना, आणखी एक वर्ष दिलं. काकूला मात्र पत्रं यायची, 'तुझं बियाणं उगवलं.' वाचून मीच दाखवायचो. ती नुसती "हाव" म्हणून मान डोलवायची.

दिवाळीत तो आला, तेव्हा तिने त्याला समोर बसवलं.

"मी उगवण पाह्याले चार शेंगा मांगं ठेवल्या होत्या. सडल्या. मंग मले काऊन खोटं लिवलं?"

"तू नुकती दुखण्यातून उठली होती, माय."

"पुढल्या खेपेले माह्यापाशी आण. कसं ठेवा लागते, ते शिकव मले."

पुढच्या पावसाळ्यात अर्जुन खरंच पोतं घेऊन आला! कुठे ती खाडी, कुठे धाड. मी म्हटलं, वेड लागलं का तुला, पुन्हा बुडायचंय? तो म्हणाला, "यंदा बी तिच्या हातून खाडीत जाऊ दे." काकू पोत्याशेजारून हलेना. सावली सरकली की पोतं सरकवायची.

अर्जुन तिला सांगत होता, की मागच्या वर्षीच्या रोपांत कोळंबीची पिल्लं आली आहेत, बोटाच्या पेराएवढी. मोठे मासे त्या मुळांत शिरू शकत नाहीत, म्हणून ती जगतात.

काकूने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तिने विचारलं, "त्याइची माय असते का तिथं?"

"नाही, माय. माय दूर समुद्रातच राह्यते. त्याइले ते झाडंच माय."

काकूने लोटा उचलून पोत्यावर पुन्हा पाणी मारलं.