मास्कची भोकं आणि माझी मिस्त्रीगिरी

लकवा डाव्या अंगावरून गेला, पण अक्कल शाबूत राहिली, असं मी भेटेल त्याला सांगत असे. पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

पांढरकवड्याजवळ, केळापूरच्या रस्त्याला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. काही महिन्यांत पाय चालायला लागला, हात निम्माअर्धा वळायला लागला, पण झोप काही पिच्छा सोडेना. चहा पिताना झोप, गिऱ्हाईक बोलत असताना झोप. एकदा पाना बोल्टाला लावला आणि तसाच डुलकलो. मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून राह्यले, असं समजून ट्रॅक्टरवाला बिचारा किती तरी वेळ गप्प उभा. मी घोरायला लागलो तेव्हा त्याला उमगलं.

एवढी झोप येते म्हणजे तब्येत भरून येते आहे, हे माझं निदान. बायको मात्र म्हणायची की घोरता घोरता मी मधेच बंद पडतो, छाती हलते पण श्वास येत नाही, आणि मग गचका देऊन पुन्हा सुरू होतो. मी तिला सांगितलं, जुनं इंजिन आहे, चालायचंच. तिनं वाद घातला नाही. सरळ यवतमाळच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

झोपेची तपासणी झाली. डॉक्टरांनी समजावलं की झोपेत माझा घसा सैल पडून मिटतो, श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि बीपी चढतो. लकवा झालेल्या बऱ्याच जणांत हे सापडतं, आणि तसंच सोडून दिलं तर दुसऱ्या झटक्याचं भय वाढतं. इथवर मी मान डोलावत होतो. मग ते म्हणाले, "हे ताब्यात येईपर्यंत ट्रॅक्टरच्या सीटवर बसायचं नाही."

लकव्यानं रडलो नव्हतो, त्या एका वाक्यानं डोळे भरले. दुरुस्त केलेला ट्रॅक्टर स्वतः रस्त्यावर फिरवून बघितल्याशिवाय मी आजवर कोणाच्या हाती दिलेला नाही. ते गेलं तर माझ्यात मिस्त्री म्हणून उरलं काय?

उपाय होता एक मशीन. नळीतून मास्कमध्ये हवा सोडायची, हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. म्हणजे कॉम्प्रेसरच की! मला असा हुरूप आला की काय सांगू. मशीन समजावायला आलेल्या पोराला मीच हवेचा दाब समजावत बसलो. तो काय सांगत होता ते ऐकायला सवड कुणाला होती? रात्री लावायचंच, दुपारी झोपलात तरी लावा, एवढंच काय ते कानावर पडलं.

रात्रीपर्यंत धीर कुठला? त्याच दुपारी जेवण करून मास्क चढवला. नाकापाशी बारीक भोकांची रांग, आणि तिथून हवा सूंऽऽ करून बाहेर. लीकेज! माझ्या घरात, माझ्या नाकावर! उठलो, पंक्चरची पट्टी घेतली, मास्क दातांत धरून एका हातानं सोल्युशन लावलं आणि सगळी भोकं बुजवली. आवाज एकदम बंद. कंपनीची चूक सुधारली म्हणून खुशीत आडवा झालो.

अर्ध्या तासात डोकं फुटायला आलं. छाती दडपली. मास्क ओरबाडून उठून बसलो तर बायको धावत आली. पट्टी बघून तिनं विचारलं, मी मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं त्या पोराला फोन लावला. तो स्पीकरवरून मला म्हणाला,

"काका, ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. तुम्ही सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. तुम्ही तोच परत आत ओढत होता."

बायकोनं फोन ठेवला. माझ्याकडे बघत म्हणाली, "मंजे तुमी सायलेन्सर बुजवून इंजिन चालवून राह्यलते."

या एका गोष्टीवरून मी आजवर किती शेतकऱ्यांना झापलं असेल! तिनं त्यातलं बरंचसं ऐकलेलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं मला परत ऐकवलं.

नवा मास्क आला. या वेळी कशालाच हात लावला नाही; रात्रीही लावायचो, दुपारीही. पहिली दुपार मास्क ओढण्यातच गेली, दुसरीही तशीच. चौथ्या की पाचव्या दुपारी जागा झालो आणि बावचळलो. डोकं हलकं! गिरणीचा पट्टा, शेजारणीचं भांडण, रस्त्यावरचा हॉर्न, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. कोणी माझ्या कानांतलं ग्रीस पुसून काढलं होतं जणू. त्या दिवशी संध्याकाळी एका इंजिनाचं टॅपेट सैल होऊन टकटक वाजत होतं, ते मी गॅरेजच्या उंबऱ्यातूनच नुसतं ऐकून सांगितलं.

मशीन किती तास चाललं ते मशीनच नोंदवतं, म्हणून डॉक्टरांपुढे थापा मारता आल्या नाहीत. पुढच्या भेटींत त्यांनी ते बघितलं, हाताची पकड बघितली, दिवसा झोपतो का ते मला न विचारता बायकोला विचारलं. अखेर परवानगी मिळाली: थोडंच अंतर, दिवसाउजेडी, आणि सोबत कोणीतरी.

सोबत कोण, हा प्रश्नच नव्हता. ती पदर खोचून मडगार्डवर चढून बसली. मी स्टार्टर मारला. काय तो आवाज! मी एक्सलरेटर दाबून दाबून ऐकत राहिलो. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जागा आहो मी," मी म्हणालो.

"ते दिसून राह्यलं. आता गिअर टाकता का?"