वडिलांच्या दुकानाचं कोटेशन

सरकारी खरेदीचे नियम बदलले की आमचं कार्यालय मला संस्थांमध्ये पाठवतं. नवे नियम समजावायचे, जुन्या फायली तपासायच्या, माणसांची तयारी करून घ्यायची. माणसं चहा पितात, जांभया देतात आणि शेवटी विचारतात, "मॅडम, पहिल्यासारखं केलं तर चालणार नाही का?" माझं डोकं तिथंच सटकतं.

गंगापूरच्या एका वसतिगृहातही तेच. लहान खरेदीला तीन दुकानांची कोटेशनं लागतात. आपल्याकडची रीत अशी, की ज्याचा माल घ्यायचा तोच दुकानदार उरलेली दोन कोटेशनंही घेऊन येतो, आपल्याहून चढ्या दराची. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलत नाही. मी त्या सकाळी ठणकावून सांगितलं, "आता प्रत्येक दुकानाची खातरजमा होणार. खोटं कोटेशन निघालं तर दुकान काळ्या यादीत जाईल."

मग तिथल्या निवृत्तीला आलेल्या लिपिकांनी गेल्या महिन्यातल्या वह्यांच्या खरेदीची फाईल पुढ्यात ठेवली. तिसरं कोटेशन मी दोनदा वाचलं. दुकान गारखेड्यातलं, माझ्या वडिलांचं. खाली लांब शेपटीची त्यांची सही. वडील जाऊन पाच वर्षं झाली होती आणि दुकानाला त्याच्याही आधी कुलूप लागलं होतं.

"हे कुणी दिलं?"

"मालकांनीच की, ताई. लई भला मानूस. दुकानाच्या अख्ख्या कोऱ्या पॅडवर सह्या करून दिल्यात. म्हनले, लागंल तसं वापरा. त्यांचा माल घ्यायचा असला की आमी दुसऱ्यांची कोटेशनं जोडायचो."

"ते माझे वडील. पाच वर्षांपूर्वी गेले."

लिपिक खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मला कुनी सांगितलंच नाय. पॅड तर अजून निम्मं हाय."

दस्त्यात एक कागद कमी गेला म्हणून भर उन्हात सायकल काढून गिऱ्हाइकाचं घर शोधणारा माझा बाप. त्याच्या प्रामाणिकपणाच्या जोरावर मी आजवर लोकांना झापत आले. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि ज्याच्यावर काढायचा तो समोर नव्हता.

"ताई, ह्ये पान काढून टाकू का?" लिपिकांनी हळूच विचारलं.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण फाईलचा दोरा मीच सोडला. पान काढलं, घडी घातली, पर्समध्ये टाकलं. लिपिकांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

दुपारी काळ्या यादीचा तक्ता भरायचा होता. त्याच फाईलमधलं दुसरं खोटं कोटेशन गंगापुरातल्याच एका दुकानाचं होतं. तो दुकानदार जिवंत आहे, रोज सकाळी शटर वर करतो. त्याचं नाव मी स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.