ताऱ्यांची अदलाबदल

सरांनी माझा आलेख उलटा केला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. लॅबमध्ये सहा जण होते. सगळ्यांनी पाहिलं.

"मिठागरातली ना तू? मीठ मोज. तारे आम्ही मोजतो."

सगळे हसले. मीही हसले. लाज झाकायला माणूस काय काय करतं.

वसईतल्या त्या कॉलेजात मी प्रोजेक्ट सहायक होते. काम दोन ताऱ्यांचं. एकमेकांभोवती इतक्या जवळून फिरणारे, की दुर्बिणीतून एकच ठिपका दिसतो. त्यांचा प्रकाश फोडला की त्यात काळ्या रेघा दिसतात. तारा आपल्याकडे येत असला की त्याची रेघ निळ्याकडे सरकते, लांब जात असला की तांबड्याकडे. किती सरकली ते मोजलं की वेग कळतो. एक तारा दुसऱ्यासमोर आला की दोघांच्या रेघा मिसळतात, मग पुन्हा सुट्या होतात. खरी गोम तिथेच. सुटी झालेली कुठली रेघ कोणाची? सरांनी तिथे अदलाबदल केली होती. त्यांच्या आलेखात तारा अर्ध्या वाटेवरून माघारी फिरत होता. तारा असा फिरत नाही. एकाची रेघ किंचित जाड होती. तिच्यावरून मी सगळं पुन्हा मोजलं. तीन महिने लागले.

"जाताना कप धुऊन ठेव," सर म्हणाले.

मी धुतला. त्याची आग अजून गेलेली नाही.

घरी बाबांना सांगितलं. उभा जन्म मिठागरात राबलेला माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझी मोजनी चुकली काय?"

"नाय."

"मंग कप कशाला धुतलास?"



शनिवारी प्रोजेक्ट बघायला मुंबईहून कॉलेजात पाहुणे आले. सरांनी आपला तोच चुकीचा आलेख पडद्यावर लावला. मला चहाच्या टेबलाशी उभं केलं होतं. मी हातातला थर्मास खाली ठेवला.

"सर, इथे तारे बदललेत. जाड रेघ बघा."

"तू चहा दे."

"नाही देणार. आधी रेघ बघा."

पाहुणे आपापल्या बशीत बघत राहिले. रेघ कोणीच बघितली नाही.

सोमवारी माझ्याकडून लॅबची किल्ली काढून घेतली. माफी मागितलीस तर परत मिळेल, असा निरोप आला. नाही मागणार. काम गेल्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू? सध्या सातिवलीत एका कारखान्यात पॅकिंगला जाते. पण मोजलेलं सगळं माझ्या वहीत आहे. ते मी बाहेरच्या संशोधकांकडे तपासायला पाठवणार. त्यावर माझं नाव असेल, मिठागरातलं म्हणून ओळखू येणाऱ्या आडनावासकट. चूक काढायची असेल त्याने मोजून काढावी.