पोपटी कधी उघडायची

दादा गेल्यानंतरच्या पहिल्या थंडीत वहिनीचा फोन आला. "भावोजी, वालाच्या शेंगा भरल्यात. येता का नदीवर, पोपटी लावू." मी हो म्हटलं, पण मडक्यात भाजलेली पोपटी खाण्यासाठी नव्हे. मला तिला एक विचारायचं होतं. दादा मुंबईच्या हॉस्पिटलात होता, अगदी शेवटाला आला होता, आणि मला, त्याच्या पाठच्या भावाला, कोणी कळवलं नाही. फोन आला तो सगळं संपून त्याला गावात आणल्यावर. हे कोणी ठरवलं होतं?

मी पेणला असतो. वाल, तूर, पावटे यांचा व्यापार. डोक्यावरच्या पाटीपासून सुरुवात केली आणि दुकान उभं केलं ते स्वतःच्या जिवावर. माझा आवाज चढतो हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. त्याने माझं कधी काही अडलेलं नाही.

सकाळच्या गाडीने निघालो. कासू गेलं, निडी गेलं, मी मनात तोच प्रश्न जास्त जास्त धारदार करत राहिलो. वहिनी अष्टमीच्या पुलापाशी मडकं आणि शेंगा-गोवऱ्यांची पिशवी घेऊन उभी होती. मडकं मी घेतलं. रिक्षाने नदीच्या वरच्या अंगाला गेलो आणि डांबर संपलं तिथून कुंडलिकेच्या काठाने रानातली वाट धरली.

ही वाट दादा आणि मी दर हिवाळ्यात चालायचो. लोक पोपटी रात्री लावतात. आमची दुपारची, कारण कंपनीत दादाला कायम रात्रीची शिफ्ट. ऐन-सागाच्या सावलीतून चालायचं, वाटेत भांबुर्ड्याचा पाला खुडायचा. त्याचा उग्र वास दिवसभर हाताला राहतो. खाली नदी दगडांत बोलत असते.

हल्ली रविवारी मुंबईची माणसं हातात काठ्या घेऊन इथे चालायला येतात. एका घोळक्यातल्या बाईने विचारलं, "काका, मडक्यात काय आहे?"

"रिकामं आहे."

ती पुढे गेल्यावर वहिनी म्हणाली, "जरा गोड बोलावं. गिऱ्हाईक थोडीच हाय ती."

"गिऱ्हाइकाशी तरी कुठे गोड बोलतो मी?"

ती हसली. तेवढीच त्या दिवशी हसली.

नदी वळते तिथे सपाट जागा आहे. वहिनीने मडक्याच्या तळाला भांबुर्डा घातला, वर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि पुन्हा भांबुर्ड्याने तोंड गच्च बंद केलं. पाण्याचा थेंब नाही. मी मडकं उपडं ठेवलं, भोवती गवत, काटक्या, गोवऱ्या रचल्या आणि पेटवलं.

इथे दरवर्षी आमचं भांडण व्हायचं. मला दम नसतो. "झाली असेल, काढू," असं मी म्हणायचो, आणि दादा माझ्या पुढ्यात काठी आडवी धरायचा. "थांब." मग कधीतरी उठून तापल्या मडक्यावर पाणी शिंपडायचा, चुर्र आवाज कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "आता काढ." त्याआधी मला हात लावता यायचा नाही.

जाळ चांगला धरल्यावर मी विचारलं. "वहिनी, मला का नाय कळवलंस?"

ती काटकी आत सारत राहिली.

"कोण म्हणालं, नको कळवू?"

"ते स्वतःच."

"खोटं बोलू नको."

"फोन हातात घेतला होता मी, भावोजी. त्यांनी हात धरला. म्हणाले, त्याला नको बोलवू गो. तो आला की डॉक्टरांशी भांडेल. भांडून माझे आणखी आठ दिवस काढेल. नळ्या लावून ठेवेल मला. आणि त्याच्या तोंडावर मला नाय म्हणता यायचं नाय."

एवढी धार लावून आणलेला प्रश्न, आणि ज्याला तो लावायचा होता तोच उरला नव्हता. मी भांडलो नसतो असं मी म्हणत नाही. भांडलोच असतो. डॉक्टर आठ म्हणाले असते तर मी पंधरा मागितले असते. पण जिवंतपणी त्याचं तोंड तरी बघितलं असतं. एवढा माझा हक्क होता, आणि तो ज्याने काढून घेतला त्याच्यावर मला ओरडताही येत नाही.

आम्ही दोघं जाळाकडे बघत बसलो. जाळ बसला, निखारे झाले. पलीकडच्या झाडीतून घोळक्याचे आवाज आले आणि गेले.

"भावोजी, वास येतो."

"कसला?"

"करपल्याचा. काढत का नाय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी हात मांडीवर ठेवून वाट बघत होतो, कोणीतरी "आता काढ" म्हणेल म्हणून. वहिनीला वाटलं, भावोजींना माहीत असेल. मी घाईने मडकं ओढून सुलटं केलं आणि उघडलं. कडेच्या शेंगांचा कोळसा झाला होता, अंडी फुटून काळी पडली होती.

वहिनीने काळ्या बोटांनी मधल्या शेंगा निवडून माझ्यापुढे पानावर ठेवल्या. "ह्या बऱ्या हायत. खावा."

मी खाल्ल्या. कडू होत्या.

"त्यांना वाटलं असेल, का नको म्हणाले ते तुम्हाला कळेल," ती म्हणाली.

मला कळलेलं नाही. मडकं नदीत विसळून घेतलं आणि आम्ही त्याच वाटेने परत निघालो. मी पुढे, ती मागे. त्याचे ते आठ दिवस म्हणजे काही थोडे नव्हते.