लाल्याने न घेतलेला घास

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आजही मी भुतं मानत नाही. पण परवा धाकटी बहीण नातवंडांना आमच्या घरातली चंपाषष्ठीची गोष्ट सांगत होती, आणि मला तिथं बसवेना... ती गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी मी आजवर दाबून ठेवली.

ताडकळसजवळचं आमचं गाव. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस; एसटी आज चालू तर उद्या बंद. आमच्या लाल्या कुत्र्याच्या एका नाकपुडीतून रक्त यायला लागलं. उन्हानं घोळणा फुटला असं समजून आम्ही कांदा फोडून हुंगवत राहिलो. पावसाळा संपला, नाक एका बाजूनं सुजलं, तेव्हा कुठं मी त्याला परभणीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"नाकातला कॅन्सर आहे," ते म्हणाले. "परदेशात किरणांचा शेक देतात, वर्षभर मिळतं कधीकधी. इथं दोन-चार महिने धरा. त्याला वास कळत नाही, म्हणून खात नाही. घास कोमट करून तोंडाशी धरा, खाईल."

हे मी घरी सांगितलं नाही. बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, आणि लाल्या शिंकला की ओट्यावर रक्त उडायचं. मला तो नकोसा झाला होता.

चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य आमच्याकडे आधी कुत्र्याला देतात. खंडोबाचं कुत्रं ते. त्यानं तोंड लावल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. आईनं पान ठेवलं. लाल्या पानाशी गेला, नाक फिरवलं आणि तसाच बसला.

"देवानं तोंड फिरवलं रे," आई रडायला लागली. "लय वंगाळ झालं. आता ह्या कुत्र्यात देव न्हाई ऱ्हायला."

त्याला वास येत नाही, आई — एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "मग घरात कशाला ठेवायचा?"

मासे आणायला येलदरीच्या धरणावर जाणाऱ्या टेम्पोत त्याला घातला. ड्रायव्हर हसला, "दादा, कुत्र्याला धरण दावायलाव का?" धरणाजवळ उतरवून मी "बस" म्हणालो. तो बसला. टेम्पो वळला तेव्हाही बसलेलाच होता.

घरी सांगितलं, मेला.

पुढच्या चंपाषष्ठीला पान मांडलं. भर दुपार. गल्लीतलं एकही कुत्रं ओट्याकडे फिरकेना. हाक मारली तर शेपूट घालून लांबूनच बघायची. आई सकाळपासून उपाशी. "औंदाबी घेईना रे देव," म्हणत ती खांबाला टेकून बसली, ओठ पांढरे पडलेले.

मला काय सुचलं कोण जाणे... रोडगा चुलीवर कोमट केला, भरीत लावलं, आणि लाल्या बसायचा त्या रिकाम्या जागेपुढे तळहात धरला.

घोरल्यासारखा ओला श्वास लागला. मग खरखरीत जीभ. घास गेला. तळहातावर रक्ताचा थेंब होता... हात धुऊन पाहिला, जखम कुठंच नव्हती.

"घेतला! माफ केलं रे देवानं आपल्याला!" आई म्हणाली आणि जेवायला बसली. मरेपर्यंत ती हेच सगळ्यांना सांगायची, आणि मी शेजारी बसून मान डोलवायचो.

ते काय होतं, मला अजून सांगता येत नाही. पण तसा कोमट घास लाल्या जिवंत असताना मी त्याच्या तोंडाशी एकदाही धरला नव्हता.