आजोबांच्या खोलीतला कॅमेरा

बाळांनो, रविवारी फोनवर आजोबा का दिसत नाहीत, असं तुम्ही विचारता आणि मी कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगते. तो बिघडलेला नाही. मीच भिंतीवरून काढून कपाटात ठेवला आहे. काय झालं ते तुम्हाला क्रमानं सांगते, कारण आता तुमच्याशिवाय सांगायला मला कोणी उरलं नाही.

तुमचे आजोबा कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर होते. तिथल्या कॉलनीत दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत राखेनं करडे होत, पण हे कधी बनियनवर दारात गेले नाहीत. दूधवाल्यानं बेल वाजवली तरी आधी शर्ट, मग दार. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली. ऐकू येतं, कळतंही सगळं.

गेल्या दिवाळीत तुमच्या बाबांनी इथे, नंदनवनच्या घरात, त्यांच्या पलंगासमोर कॅमेरा लावला. अमेरिकेतून केव्हाही बघता यावं म्हणून. त्याची अट होती की कॅमेरा राहणार असेल तर आजोबा घरी राहतील, नाहीतर त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. मी लगेच हो म्हटलं. मला ते घरी हवे होते.

माझा नवा फोनही त्यानंच आणला. त्यात एक सोय आधीपासून चालू होती. घरच्या वाय-फायचा पासवर्ड तो फोन आपणहून माझ्या ओळखीच्या लोकांच्या फोनना देत होता. पासवर्ड त्यांना वाचता येत नव्हता, पण घरात पाऊल टाकलं की त्यांचा फोन जोडला जाई. मला कोणी विचारलं नाही. आणि चैत्रातल्या हळदी-कुंकवाची बोलावणी हल्ली फोनवरच जातात, त्यामुळे गल्लीतल्या एकूण एक बाईचा नंबर माझ्याकडे नावानिशी नीट साठवलेला.

यंदाच्या हळदी-कुंकवाला बैठक भरली होती. आंब्याची डाळ वाटून झाली होती, पन्ह्याचे पेले फिरत होते. आजोबांच्या खोलीचं दार मी लावून घेतलं होतं. आत त्यांना सांभाळणारा मदतनीस होता.

"काकू, तुमचं नेट माझ्या फोनले आपोआपच लागलं जी," समोरच्या घरातली सून म्हणाली. "मी तर पासवर्डबी नाही टाकला."

"काकूंचं मन मोठं आहे," तिची सासू म्हणाली. "ओटीत हरभरे, अन् सोबत नेट."

सगळ्या हसल्या. मीही हसले. सुनेला तिच्या मुलीचा नाच आमच्या टीव्हीवर दाखवायचा होता. तिच्या फोनवर घरातली यंत्रं दिसू लागली, त्यांत टीव्ही होता आणि 'आजोबा' असंही एक नाव होतं. तिनं चुकून त्यावर बोट ठेवलं. घरच्या वाय-फायवर जो असेल तो घरचाच, असं त्या कॅमेऱ्यानं धरून चाललेलं. त्यानं काही विचारलं नाही. चित्र सरळ उघडलं.

"अवं, हे काय दिसून राहिलं? हे तर काका होत."

मदतनीस त्या वेळी त्यांचे कपडे बदलत होता. अंगावर काही नव्हतं. चार बायका त्या फोनवर वाकल्या होत्या.

"बंद कर वं पहिले," सासू म्हणाली.

"नाही होऊन राहिलं मले."

शेवटी एका वयस्क बाईनं त्या फोनवर आपला पदर टाकला. पण फोनजवळचं बोलणं कॅमेऱ्यातून तिकडे खोलीतही ऐकू जात होतं. मदतनीस मला नंतर म्हणाला, "आजी, बाबूजींनी सारं ऐकलं. वर कॅमेऱ्याकडे पाहून राहिले होते."

बायका भराभर कुंकू लावून घेऊन गेल्या. सून रडत होती. तिचा काही दोष नव्हता, ते मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी डाव्या हातानं चादर गळ्याशी धरली ती सोडलेली नाही. एवढ्या उकाड्यात. मदतनिसाला अंगाला हात लावू देत नाहीत. मी जवळ गेले तर डोळे मिटून घेतात. मी कॅमेरा काढून त्यांच्यासमोर कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली त्यांना दाखवली. तरी नाही.

माझ्या फोनच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. तिथली मुलगी सौजन्यानं बोलत होती. तिनं ती सोय बंद करायला शिकवलं, पासवर्ड बदलून घेतला. मी विचारलं, दिवाळीपासून आजवर आणखी कोणाकोणाच्या फोनवर हे उघडलं असेल? ती म्हणाली, "मॅडम, ते आम्हाला सांगता येणार नाही." मी पुन्हा इंग्रजीत विचारलं. उत्तर तेच.

तुमच्या बाबांशी रोज बोलते.

"आई, कोणी मुद्दाम केलं नाही ना?"

"नाही."

"मग पासवर्ड बदललास, संपलं. कॅमेरा परत लाव. मला इथे काही दिसत नाही, झोप लागत नाही."

"त्यांना नको आहे रे."

"ते बोलतात का? तुला कसं कळलं?"

चादर धरलेली मूठ त्याला दिसत नाही, कारण कॅमेरा नाही. आणि कॅमेरा लावला तर ती मूठ कधीच सुटायची नाही.

काल डॉक्टर येऊन गेले. पाठीखाली जखम व्हायला लागली आहे. अंग पुसणं, कूस बदलणं थांबलं तर ती वाढणार. मी ते तुमच्या बाबांना सांगितलं. लपवायला नको होतं. त्यानं लगेच सदर भागातलं एक शुश्रूषा केंद्र बघितलं, पुढच्या आठवड्यात तो येतो आहे. फोनवर त्याचा आवाज किती दिवसांनी मोकळा वाटला. म्हणाला, "आई, काळजी करू नकोस. तिथे प्रत्येक खोलीत कॅमेरा आहे. तुलाही घरबसल्या दिसतील."

बाळांनो, तो तुमचं ऐकतो. त्याला सांगा की आजोबांना बघायचं असेल तर येऊन शेजारी बसावं. मला हे त्याला पटवता येत नाही, मी सगळ्या भाषांत सांगून पाहिलं.

आज दुपारी मदतनिसाला बाहेर बसवून मीच कोमट पाणी घेऊन गेले. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, माझा फोन स्वयंपाकघरात ठेवून आले. म्हटलं, "मीच आहे, दुसरं कोणी नाही." त्यांनी डोळे उघडले, भिंतीवर जिथे खिळ्यांची भोकं आहेत तिकडे पाहिलं, आणि चादर आणखी घट्ट धरली. पाणी गार होईपर्यंत मी तशीच बसून होते.