मैनेच्या खोगिराचं माप

चहा आधी पोटात जाऊ द्या, मग सांगतो, कारण हे रिकाम्या पोटी सांगण्यासारखं नाही. माझ्या हातून आजवर लई घोळ झालेत. टॉवेलची अख्खी ऑर्डर चुकीच्या रंगात विणलीय, स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा पोचलोय. पण त्यात समोर माणसं होती, ती भांडून मोकळी झाली. हा घोळ मी एका घोडीच्या बाबतीत घातला, आणि ती बिचारी बोलणार तरी काय?

माझी भाची मुक्ता, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक पोरगी. माझा टॉवेल-चादरीचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. तिथून पुढं गावाबाहेर घोडेस्वारीचा एक क्लब आहे, आणि शाळेत असल्यापासून ही पोरगी तिथंच पडलेली असते. तिथल्या मैना नावाच्या तांबड्या घोडीवर तिचा जीव. घरात आम्ही विचारलं तर चार शब्द बोलेल, मैनेशी मात्र तासभर गप्पा.

मुक्ता ड्रेसाज करते. आता ड्रेसाज म्हणजे काय? तिनं मला दहा वेळा समजावलंय. शर्यत नाही, उड्या नाहीत. आखलेल्या चौकोनात घोड्यानं ठरल्याप्रमाणे चालायचं, वळायचं, थांबायचं, आणि स्वारानं वरून इशारा असा करायचा की बघणाऱ्याला तो दिसूच नये. मी मनात म्हटलं, म्हणजे वरातीत घोडी नाचते तेच की, फक्त हलगी नाही. माळशिरसकडं नाचणाऱ्या घोड्या मी डोळे भरून बघितल्या होत्या, त्यामुळं यातलं आपल्याला कळतं असा माझा ठाम समज होता.

मागच्या वर्षी तिला पुण्याच्या स्पर्धेत उतरायचं होतं. पहिलीच मोठी स्पर्धा. क्लबचं जुनं खोगीर उड्यांसाठीचं, पुढं झुकवणारं. ड्रेसाजला ताठ, खोल बसवणारं लागतं. अक्कानं विषय काढला आणि मी छाती पुढं काढली. भाचीचं खोगीर मामानं नाही आणायचं तर कुणी?

ही खोगिरं घोड्याच्या पाठीप्रमाणे बनवून घेतात. खांद्यांवर जो उंचवटा असतो ना, त्याच्यावरून एक लवचीक तार वाकवायची आणि तिचा आकार कागदावर आखून कारागिराला पाठवायचा. मुक्ताची परीक्षा चालू होती, म्हणून हे काम तिनं माझ्यावर सोपवलं. फोनवर नीट सांगितलं होतं पोरीनं, "मामा, तार उघड्या पाठीवर ठेव हं." मी म्हटलं, व्हय, व्हय, कळतंय मला.

शेजारच्या कारखान्याचा मालक अंबादास माझा जुना दोस्त. त्याला घेऊन गेलो. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहितीय. आमदार असो, जावई असो, नाहीतर बदली होऊन आलेला साहेब असो, माणूस पहिल्यांदा भेटला की टॉवेल, टोपी, नारळ. मैनेची आणि माझी ती पहिलीच रीतसर भेट. मग मोकळ्या हातानं जायचं कसं? आमच्या कारखान्यातली सगळ्यात जाड चादर घेतली, मोराच्या नक्षीची, दुहेरी विणीची. टोपीचा विचार अंबादासनं कसाबसा माझ्या डोक्यातून काढला. नारळ फोडला, मैनेला खोबरं दिलं, पाठीवर चादर घातली, फोटो काढले. घोडी गुणाची, तेवढा वेळ अगदी हलली नाही.

मग तार काढली. अंबादासनं विचारलं, "चादर काढू का रे?"

मी त्याच्यावर उखडलो. "सत्काराची चादर लगेच कोण काढतं? साहेबाच्या खांद्यावरची शाल आपण ओढून घेतो का?"

त्यालाही ते पटलं. आणि आम्ही दोघांनी मिळून मोठ्या काळजीनं, तार चादरीवरून वाकवली. माप पाठवलं, मिशीला पीळ दिला. अहो, टॉवेलची जाडी केसभर कमी-जास्त झाली तर चालतं यंत्र थांबवायला लावणारा माणूस मी! त्या दिवशी ती जाडी मला दिसली नाही, हसताय काय?

खोगीर आलं स्पर्धेच्या तोंडावर. काळंभोर, मऊ कातडं, दोन्ही बाजूंना लांब लोंबणारे पदर, बघतच राहावं असं. मुक्तानं ते मैनेच्या पाठीवर ठेवलं, पुढून खाली हात घालून बघितला, आणि तिचा चेहरा उतरला. खोगीर रुंद झालं होतं. खांद्यावरच्या उंचवट्यापासून दोन बोटं वर राहायला हवं, ते थेट टेकत होतं.

ती हळूच म्हणाली, "मामा, या खेपेला जुनंच घालते. हे नंतर बदलून घेऊ."

इथं, मंडळी, इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड! म्हटलं, "घाल की जुनं. मामाचं काय, मामा हौशी असतोच."

एवढं बोललो आणि वर रुसून बाजूला जाऊन बसलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गवताच्या पेंढीवर, तोंड फुगवून. पोरगी माझ्याकडं बघत राहिली, मग खोगिराकडं, आणि म्हणाली, राहू दे मामा, हेच घालते. माझं मन राखायला तिनं स्वतःचं मन मारलं, हे तेव्हा मला कळायला नको?

उलट मलाच जोर चढला. खोगीर रुंद आहे ना? मग खाली भर घालू. आणि भर घालायला टॉवेलवाल्याला काय कमी? कारखान्यातून जाडजूड टॉवेल आणले, घड्या घालून खाली सारले. खोगीर वर उचललं गेलं, दोन बोटं जागाही दिसली. खोगीरभरती म्हणतात ती हीच, पण मला वाटलं आपण शोध लावला.

पुण्याला आम्ही सगळे गेलो. मैदान एकदम शांत. माणसं कुजबुजसुद्धा करत नव्हती, अशी शांतता आपल्याकडं मयतालासुद्धा नसते. मुक्ता आत आली, पंचांना नमस्कार केला. पहिलं वळण झकास. आणि मग मैनेनं शेपूट झटकलं. मान उडवली. पाय उचलून आपटायला लागली, एकदा इकडं, एकदा तिकडं, जागच्या जागी.

अंबादासनं माझा हात धरला. "अरे, नाचतीय बघ!"

आणि मला भरून आलं हो. काय नाचतीय पोरगी आमची! माळशिरसच्या घोड्या हिच्यापुढं काहीच नव्हेत. मी उठलो, टाळ्या सुरू केल्या. अंबादासनं तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. अख्खं मैदान आमच्याकडं वळून बघायला लागलं आणि मला वाटलं, लोकांना विचारायचंय ही कुणाची पोरगी. मैना आणखी उडायला लागली, मी आणखी टाळ्या वाजवल्या.

मुक्तानं लगाम हळूच आवळला, पंचांना नमस्कार करून परवानगी मागितली, आणि स्पर्धा अर्धी टाकून खाली उतरली. घोडीला लगाम धरून चालवत बाहेर घेऊन गेली. मला वाटलं जिंकली बहुतेक, लवकर संपवलं म्हणजे. मी पेढ्यांचा पुडा घेऊन मागं धावलो.

ती मैनेच्या पाठीवरून खोगीर उतरवत होती. मग टॉवेल काढले. घामानं पाठ भिजलेली, आणि त्या पाठीवर आमच्या कारखान्याच्या टॉवेलची किनार जशीच्या तशी उमटलेली. फुलं, पानं, सगळी नक्षी. जिथं घड्या गोळा झाल्या होत्या तिथं कातडी सुजून आली होती आणि उंचवट्यावरचे केस घासून गेले होते. मी हात लावायला गेलो तर घोडीनं अंग चोरलं.

"नाचत नव्हती मामा," मुक्ता म्हणाली. "तिला दुखत होतं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडतही नव्हती, मैनेच्या मानेवरून हात फिरवत होती. पुडा माझ्या हातात तसाच. एका जनावराला दुखत होतं आणि मी शिट्ट्या-टाळ्यांनी दाद देत होतो, हे आठवलं की अजून घास उतरत नाही. तिच्या वर्षभराच्या मेहनतीचं मातेरं झालं आणि कुणी केलं? मामानं, हौसेनं.

मैनेला बरं व्हायला बरेच दिवस लागले. पुढं कारागीर स्वतः येऊन माप घेऊन गेला, उघड्या पाठीवर. मी लांब झाडाखाली उभा होतो, कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं, माझा मीच.

यंदा मुक्ता पुन्हा स्पर्धेत उतरली. आदल्या दिवशी फोन आला. "मामा, तू ये हं नक्की. तू नसलास तर मला करमणार नाही." आणि वर म्हणाली, "फक्त काही आणू नकोस."

गेलो. ना टॉवेल, ना नारळ, ना पेढा. हात मांडीखाली दाबून बसलो, म्हणजे टाळी चुकूनही वाजायला नको. मैना अशी चालली, अशी चालली की बाजूची अनोळखी बाईसुद्धा श्वास रोखून बघत होती. नंबर तिसरा आला.

नंतर भीतभीत मैनेच्या जवळ गेलो. तिनं मला ओळखलं, रागानं कान मागं पाडले. मग मान लांब करून माझा एक हात हुंगला, दुसरा हुंगला. दोन्हीत काहीच नाही याची खात्री झाल्यावरच कान सरळ केले आणि निवांत उभी राहिली.